गुरसरायच्या पत्त्यावरचं वारंट

नगरा, झाशी
गुरुवार, ९ नोव्हेंबर २०१७

प्रिय जनार्दन,

तीन घरं सोडून राहणाऱ्या मित्राला टपालाने पत्र पाठवणारा मी झाशीतला पहिलाच वेडा असेन. हस हवं तर. पण तुझ्याकडे येऊन बसलो की तू चहा टाकतोस, माझ्या कमरेमागे उशी सरकवतोस, आणि माझी जीभ रेटत नाही. आज सकाळपासून दोनदा तुझ्या फाटकापर्यंत येऊन परत फिरलो.

परवा बकुळचा फोन आला होता, टोरांटोहून. काका, बाबांच्या पासपोर्टचं नेमकं कुठे अडलंय, ते मला धड सांगतच नाहीत, म्हणाली. तिची तिकडची कागदपत्रं होईपर्यंत तिला निघता येत नाही, आणि नात दीड वर्षाची झाली तरी तू तिला फोनमध्येच बघतोस. मी आपलं म्हटलं, होईल गं, सरकारी काम आहे. 

जानेवारीत पोलीस चौकशीचा कागद तुझ्या जन्मगावी गेला, आणि गुरसरायच्या थान्यातून उत्तर आलं की जनार्दन, पुत्र केशवराव, याच्यावर १९७१ सालचं अटक वारंट बाकी आहे. त्या दिवसापासून तू तू राहिला नाहीस. चौकीवरून जावं लागतं म्हणून फिरणं सोडलंस. राखीपौर्णिमेला मोठ गावी बहिणीकडे गेला नाहीस, तिथे कोणी धरलं तर तिच्या दारात तमाशा नको म्हणून. घंटी वाजली की आधी खिडकीतून बघतोस. दूधवाला परवा मलाच विचारत होता, 'माट साब पर सच में वारंट है क्या?' असा झापला त्याला! पण झापून काय होतंय. चाळीस वर्षं ज्या गल्लीतल्या पोरांना मास्तर म्हणून गणित शिकवलंस, तिथे तू मान खाली घालून चालतोस.

मधुसूदन वकिलांनी सोपी वाट सांगितली होती. कोर्टात उभे राहा, गुन्हा कबूल करा, किरकोळ दंड होईल, एका दुपारात फाईल बंद. तू ताडकन उठलास. म्हणालास, "जे केलंच नाही ते कबूल कसं करू?" कमालीचा हट्टी माणूस तू. कोर्टाच्या प्रत्येक तारखेला, प्रत्येक पेशीला तुझी पिशवी धरून मी बरोबर होतो. जुन्या फाईलची नक्कल मिळाली तेव्हाही होतो. जामिनाच्या कागदावरची सही तू चष्मा पुसून पुसून पाहिलीस आणि मला विचारलंस, "मार्तंड, हे अक्षर कोणाचं वाटतं तुला?" मी म्हटलं, काही कळत नाही बुवा.

अक्षर माझं आहे, जना.

आठवतं, कॉलेजात माझं लायब्ररीचं कार्ड रद्द झालं होतं आणि मी तुझं वापरायचो? ते शर्टाच्या खिशात होतं. इथे झाशीच्या बस अड्ड्यावर पोरांनी दगडफेक केली, त्यात मीही एक दगड मारला. एका बसची काच फुटली. आम्हाला धरून थान्यात नेलं, तिथल्या दरोगाने खिसे उलटे केले, कार्डावरचं नाव आणि गुरसरायचा पत्ता वाचून उतरवून घेतला. मी फक्त गप्प राहिलो. माझे वडील इथल्याच कोर्टात पेशकार, न्यायाधीशांपुढे फाईली ठेवणारे कारकून, माझं नाव निघालं असतं तर संध्याकाळपर्यंत त्यांच्या टेबलावर गेलं असतं. सोडताना सही मागितली, मी तुझ्या नावाची ठोकली आणि घरी येऊन जेवलो. तुम्ही त्याच वर्षी गुरसराय सोडून झाशीला आलात, त्यामुळे समन्स तुला मिळालंच नाही. मी धरून चाललो की प्रकरण कधीच मिटलं असेल.

इथवर भित्रेपणा म्हणून खपवता आलं असतं. पण जानेवारीत कळल्यावरही दहा महिने मी तोंड उघडलं नाही, आणि याचं कारण वडील नव्हते. माझी सरला गेल्याला सहा वर्षं झाली. विद्याधर भोपाळहून फोन करतो, मी मराठीत विचारतो, तो 'हाँ बाबा, ठीक है' म्हणतो. गल्लीत मी मार्तंडजी. मला 'अरे मूर्खा' म्हणणारा या गावात तू एकटा उरलास. तुझा पासपोर्ट अडला त्या दिवशी मला वाईट वाटलं, आणि तरी घरी येऊन मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. तू जाणार नव्हतास ना. तू दिवसेंदिवस वाळत होतास, आणि मी रोज संध्याकाळी तुझ्याकडे येऊन मजेत गप्पा मारत होतो.

काल मी एकटाच मधुसूदन वकिलांकडे जाऊन सगळं लिहून दिलं. सोमवारी मी कोर्टात हजर होतोय. अक्षर जुळवून बघतील, खोट्या सहीचा गुन्हा वेगळा लागेल, कदाचित काही दिवस आत ठेवतील. हे पत्र तुला शनिवारी मिळेल. कोर्टाच्या आधी तुला माझ्याकडूनच कळावं, एवढ्यासाठी लिहिलं. सोमवारी माझी पिशवी धरायला येऊ नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. नाव मोकळं झालं की लगेच पुन्हा अर्ज कर. बकुळ तिथेच राहा म्हणेल, तर राहा. तू जाऊ नयेस असं मला आजही वाटतं. तरी जा.

तुझा अपराधी आणि तुझाच,
मार्तंड