टेकडी फोडून भरलेली खाडी

प्रिय चिमे,

फोनवर बोलायला गेले की बाबा कान देऊन बसतात, म्हणून हे पत्र. आपल्या गल्लीत आता आपलंच एक घर उरलंय. परवा शेजारच्या शिंपीणबाईंचं स्वयंपाकघर ओट्यासकट खाली बसलं. बाई तेव्हा बाहेर नळावर होत्या म्हणून वाचल्या. शिलाई मशीन हातगाडीवर घालून त्या टेकडीवरच्या शाळेत राहायला गेल्या. सगळ्यांची सोय तिथेच केलीय. बाबा मात्र जागचे हलत नाहीत.

भरतीला मोरीतून खारं पाणी वर येतं. मागचं दार चौकटीत बसत नाही. मागच्या अंगणात खड्डा पडलाय, त्यात बाबा दिवसभर घमेली भरभरून राडारोडा ओततात. संध्याकाळपर्यंत तो कुठे जिरतो, कळत नाही. घमेलं काही सोडत नाहीत. मी बोलायला गेले की अंगावर येतात.

लहानपणी तुला मांडीवर घेऊन ते या बेटाचा जन्म कसा रंगवून सांगायचे! समुद्रात नुसत्या दोन टेकड्या. नदीचा गाळ मधल्या खाडीत साचत गेला, त्यात खारफुटी रुजली, तिच्या मुळांनी तो धरून ठेवला. ओहोटीला लोक चिखल तुडवत पलीकडे जायचे, भरतीला होडीने. मग शहराला जागा पुरेना. खारफुटी तोडली, एक टेकडी सुरुंगांनी फोडली आणि तिचेच दगड खाडीत ओतले. ते ओतणाऱ्या डंपरवर बाबा. तुझा बाप समुद्राला मागे सारून आलाय, असं ते म्हणायचे आणि तू टाळ्या पिटायचीस. घरही त्यांनी हट्टाने इथेच घेतलं.

पुढे तू मातीची परीक्षा करायला शिकलीस आणि भर सभेत उभं राहून सांगितलंस, की हा भराव मऊ गाळावर टाकलाय, आज ना उद्या खचणार. तू खरं तेच बोललीस. पण बाबा सभेतून उठून आले ते आले, तुझं नाव त्यांनी पुन्हा तोंडातून काढलं नाही. भिंतीला ओल आली तेव्हा तुझा फोटो मात्र स्वतः पुसून कपाटावर ठेवला, तेवढं सांगते.

काल ते त्या खड्ड्यात कमरेपर्यंत रुतले. मी दोर टाकला, तर हात पुढे करेनात. "तिचं खरं असेल, तर मी आयुष्यभर केलं काय?" एवढंच म्हणाले. माझा ओरडा ऐकून घरं रिकामी करायला आलेले दोघे धावले आणि त्यांनी ओढून काढलं. आज लंगडत पुन्हा घमेलं घेऊन गेलेत. खड्ड्याची कड आमच्या खोलीच्या भिंतीला टेकलीय. त्यांना एकटं टाकून मला जाता येत नाही.

म्हणून मागते, मिळेल ती गाडी पकड आणि पौर्णिमेच्या भरतीआधी ये. आणि चिमे, त्यांच्याशी खोटं बोल. भराव पक्का होता, समुद्रच चढला, त्याला तुम्ही तरी काय करणार, असं सांग. तुझ्या शिक्षणाशी ही बेइमानी आहे, कळतं मला. पण ऐकतील तर ते तुझंच ऐकतील, कारण तू कधी खोटं बोलत नाहीस हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

दाराशी कान लावून बसलेली, तुझीच
आई