नाव पुकारल्यावर उत्तर न दिल्याने गैरहजर

प्रति,
मा. प्रांतीय आरोग्य अधिकारी,
प्रांतीय आरोग्य कार्यालय.

विषय : न बोलणाऱ्या मुलीस 'गैरहजर' ठरवून सप्टेंबरची तारीख दिल्याबाबत.
संदर्भ : बालमानसोपचार विभागाच्या दोन चिठ्ठ्या.

महोदय,

सविनय कळविते की, माझी भाची तुदा, वय वर्षे नऊ, राहणार तिझगी, अ‍ॅटलस डोंगर, गेल्या ऑगस्टपासून एक शब्दही बोललेली नाही. ओढ्याला लोंढा आला तेव्हा धाकट्या बहिणीचा, हद्दाचा, हात तिच्या हातात होता. तो सुटला. वडील शहरात बांधकामावर असून आईने अंथरूण धरले आहे, म्हणून अर्ज मी करीत आहे.

गावच्या मुकद्दमांकडे दाखला मागितला असता ते म्हणाले, "इज्जाबाई, गप्प पोरगी म्हणजे घराला बरकत. लोक नवस करतात." दाखला मात्र त्यांनी दिला.

ऑक्टोबरात दोन तास खेचरावरून व चार तास गाडीने आम्ही रुग्णालयात आलो. मला शिक्क्यासाठी दुसऱ्या खिडकीवर पाठविले. तेवढ्यात तुदाचे नाव तीनदा पुकारले गेले. ती समोरच बाकावर बसलेली होती. चिठ्ठीवर 'गैरहजर' असे लिहून जानेवारीची तारीख मिळाली.

जानेवारीत मी जागची हलले नाही. नाव येताच "हजर" म्हणाले. कारकून म्हणाले, "रुग्ण तुम्ही का?" मी म्हटले, "नाही, ही." ते म्हणाले, "मग तिला बोलू द्या. नियम सर्वांना सारखा." मी म्हटले, "साहेब, बोलली असती तर आणली कशाला असती?" मागची रांग हसली. तुदाने डोक्यावरून शाल ओढून घेतली. चिठ्ठीवर पुन्हा 'गैरहजर', तारीख सप्टेंबर.

महोदय, सप्टेंबरपर्यंत थांबता येत नाही. बर्फ वितळू लागले आहे. तुदा रोज पहाटे ओढ्यात जाऊन उभी राहते. प्रथम घोट्यापर्यंत पाणी होते, काल मांडीला लागले. मी हात धरला की झटकते. तिला कोंडून ठेवा, असे शेजारी सांगतात. दोन दिवस कोंडले, तर तिने नखांनी दाराखालची माती उकरली. पुन्हा कोंडणार नाही.

विभागाच्या डॉक्टरीणबाई मंगळवारी रुग्णालयात येतात असे समजते. त्यांना डोंगरात पाठविता येत नसल्यास राहू द्या. येत्या मंगळवारी आम्ही तारखेशिवाय येत आहोत. खिडकीजवळच्या बाकावर लाल शालीतली मुलगी, ती तुदा. तिचे नाव पुकारू नये. कोणीतरी उठून तिच्यापर्यंत यावे, एवढीच विनंती.

आपल्या उत्तराची वाट न पाहता निघणारी,
इज्जा ऊहम्मू
तिझगी, १४ मार्च

सोबत : 'गैरहजर' शेऱ्याच्या चिठ्ठ्या दोन, मुकद्दमांचा दाखला एक.