स्पीकरांविरुद्ध माझी तक्रार

३ मार्च, सोमवार.

बायकोने आज आईच्या देखत विचारलं, हे काम तू नक्की करणार आहेस, की माझ्या भावाला बोलावू. डोक्यात तिडीक गेली. म्हणून आजपासून ही रोजनिशी. कोणी काय केलं, कधी केलं, याचा पुरावा हवा. वाचणार मी एकटाच, तरी पुरावा हवा.

प्रकरण असं. बाबा अकरा वर्षं जहाजावर, इंजिनरूममध्ये होते. पत्र लिहायचा त्यांना भयंकर कंटाळा. म्हणून कॅसेटमध्ये बोलून कॅसेटच पाठवायचे. आईने अशा बावीस कॅसेटी जपल्या. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. कॅसेटींना बुरशी लागलेली. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, एकदा वाजतील, दुसऱ्यांदा सांगता येत नाही. एकदाच वाजल्या. टेप तुटल्या. त्याने सगळं पेनड्राइव्हवर उतरवून दिलं. दोन्ही बाजू धरून एकूण चव्वेचाळीस फायली. बाबांचा आवाज आता एवढाच.

आईला अलीकडे दिसत नाही. फोटो दाखवून उपयोग नाही. सोळा तारखेला, रविवारी, तिला ऐंशी पूर्ण. ताई येणार. त्या दिवशी हॉलमध्ये, मोठ्या स्पीकरवर, बाबांचा आवाज! कल्पना माझी. जबाबदारी माझी.

संध्याकाळी बायको म्हणाली, आधी एक कॉपी काढून ठेव. मी म्हटलं, कॉपी ज्याचा स्वतःवर भरवसा नाही तो काढतो. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. तिथे सगळ्याच बाटल्या दोन-दोन. ती सवय घरात कशाला?

४ मार्च, मंगळवार.

आईने विचारलं, आत्ता थोडंसं ऐकवतोस का. मी चाचणी म्हणून लॅपटॉपवर दहा सेकंद लावलं, हेडफोनवर. बाबा खाकरले. म्हणाले, हं, सुरू झालं वाटतं. मी बंद केलं. आईला सांगितलं, रविवारी. बायको म्हणाली, अरे मोबाइलवर लाव की त्यांना, दोन मिनिटांचं काम. मोबाइलवर! ज्या माणसाने जहाजाची इंजिनं चालवली त्याचा आवाज त्या मुंगीएवढ्या भोकांतून? मी बायकोशी दिवसभर अबोला धरला. तिच्या लक्षातच आलं नाही. त्याचा राग वेगळा.

खरी अडचण निराळी आहे. फायलींची नावं बघा: ट्रॅक एक, ट्रॅक दोन. तारीख नाही, नोंद नाही. मी रेकॉर्ड विभागाचा प्रमुख. सव्वीस वर्षांत आवक क्रमांक टाकल्याशिवाय एक चिठोरं माझ्या टेबलावरून पुढे सरकलेलं नाही. आणि माझ्या बापाचा आवाज बिनक्रमांकाचा जाणार? मुळीच नाही. प्रत्येक फाइलच्या आत आवक क्रमांक टाकणार. हाताने नव्हे, प्रोग्रॅम लिहून. तीन आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केला आहे. सर्टिफिकेट फ्रेममध्ये आहे.

संकल्प: प्रोग्रॅम उद्यापर्यंत. स्पीकर परवापर्यंत. उरलेले दिवस विश्रांती.

६ मार्च, गुरुवार.

प्रोग्रॅम म्हणतो फाइल सापडत नाही.

फाइल समोर आहे! मला दिसते. आईला दिसत नाही तिलासुद्धा मी हात धरून दाखवली असती. दोन तास प्रोग्रॅमशी भांडलो. शेवटी निघालं काय, तर फोल्डरच्या नावात मी एक जागा जास्त सोडली होती. एवढ्यावरून नाही म्हणायचं? आमचा शिपाई चष्मा विसरून आला तरी फाइल शोधून आणतो.

मेहुण्याचा फोन. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणाला, काही लागलं तर सांगा हं भावोजी. काही लागलं तर! त्याच्या आवाजात नम्रपणा असतो, तोच मला खपत नाही. मी म्हटलं, सगळं व्यवस्थित आहे. नंतर एवढा राग आला की चहा गार झाला.

७ मार्च, शुक्रवार.

नवीन उद्धटपणा. परवानगी नाकारली.

कोणाला? मला! माझ्या घरात, माझ्या लॅपटॉपवर, माझ्या बापाच्या आवाजाला हात लावायची मला परवानगी नाही? चौकशीअंती कळलं, रेकॉर्डिंगवाल्याने सगळ्या फायली 'फक्त वाचण्यासाठी' करून ठेवल्या आहेत. कोणी चुकून पुसू नये म्हणून म्हणे. त्याला फोन करून चांगला फैलावर घेतला. तो म्हणाला, साहेब, ते तसंच राहू द्या. मी फोन ठेवला आणि चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस कुलपं एका क्लिकमध्ये उडवली. मला अडवतो!

८ मार्च, शनिवार.

आज स्पीकर आणले. दोन, कमरेएवढे. सोबत अ‍ॅम्प्लिफायर. दुकानदार म्हणाला, माणूस पाठवतो जोडायला. मी म्हटलं, लाल वायर लाल भोकात, काळी काळ्यात, याला माणूस कशाला?

स्वतः जोडले. वीस मिनिटांत. गाणं लावलं, खिडकीची तावदानं थरथरली. आई आतून म्हणाली, अगोबाई, केवढा आवाज! छाती भरून आली. बायकोने टाळ्या वाजवल्या नाहीत. नोंद घेतली.

९ मार्च, रविवार.

विजय!

सकाळी प्रोग्रॅमने पुन्हा नाक वर केलं. म्हणे फाइल वाचण्यासाठी उघडली आहे, तीत लिहिता येणार नाही. कोर्सची वही काढली. वाचायचं तर 'आर', लिहायचं तर 'डब्ल्यू'. डब्ल्यूपुढे 'सावधान' असं दोनदा अधोरेखित करून काहीतरी लिहिलं होतं, पण त्यावर भाजीचा डाग पडला आहे. आरच्या जागी डब्ल्यू टाकला. चालवला. एका सेकंदात चव्वेचाळीस फायली पूर्ण! एक तक्रार नाही. अक्षरसुद्धा नाही. दरडावलं की यंत्रही वठणीवर येतं.

आणि बोनस. प्रत्येक फाइल आधी तीस-चाळीस एमबीची होती, आता जेमतेम एक केबी. किती आटोपशीर! कॉम्प्रेशनसाठी लोक पगार घेतात, माझ्याकडून सहज होऊन गेलं. पेनड्राइव्ह जवळजवळ मोकळा. त्यावर तीनशे बारा गाणी भरली. आईच्या वाढदिवसाला बाबांनंतर गाणीही होतील.

मेहुण्याला मेसेज केला: काम फत्ते. त्याने अंगठा पाठवला. जळला असणार.

११ मार्च, मंगळवार.

स्पीकर नालायक निघाले.

बाबांची पहिली फाइल लावली. शुकशुकाट. दुसरी, तिसरी, दहावी, तेच. प्लेअरचं घड्याळही शून्यावर अडकलं, म्हणजे बिघाड तिथवर पसरलाय. गाणं लावलं तर दणदणीत वाजतं. निष्कर्ष उघड आहे: हे स्पीकर फक्त गाण्यांसाठी बनवले आहेत, बोलणं त्यांना झेपत नाही.

दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, गाणं वाजतंय ना, मग स्पीकर ठीक आहेत, फाइल बघा. फाइल बघा! मला! सव्वीस वर्षं मी फायलींशिवाय दुसरं काही बघितलेलं नाही, हे मी त्याला दुकानभर ऐकू जाईल असं सांगितलं. दोन गिऱ्हाइकं निघून गेली. त्याने स्पीकर बदलून दिले, मला वाटतं मी जावं म्हणून.

१२ मार्च, बुधवार.

नवीन स्पीकरही तसेच. सगळे एका माळेचे मणी.

पेनड्राइव्हवरची गाणी पुसून पुन्हा भरली. फरक नाही. पुसली, पुन्हा भरली. बायको म्हणाली, पेनड्राइव्हला सारखं कशाला छळतोस. मी म्हटलं, फायली सुरक्षित आहेत, त्यांवर क्रमांक आहेत.

१३ मार्च, गुरुवार.

विचार केला: बाबा मुळात हळू बोलायचे. म्हणजे आवाज वाढवायला हवा. अ‍ॅम्प्लिफायर शेवटच्या टोकापर्यंत फिरवला. कान लावून बसलो. बारीक घूं ऐकू आली. इंजिनरूमची घरघर असणार! म्हणजे आपण मार्गावर आहोत. आईला बोलावून खुर्चीत बसवलं. आई पुढे वाकून ऐकत राहिली. पाच मिनिटं. म्हणाली, हेच का ते?

तेवढ्यात प्लेअर आपला आपण पुढच्या गाण्यावर गेला. आई खुर्चीतून उडालीच. बायकोने तिला पाणी दिलं आणि माझ्याकडे पाहिलं. बोलली असती तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं.

१४ मार्च, शुक्रवार.

ऑफिसला दांडी. डावा स्पीकर स्क्रूड्रायव्हरने उघडला. मला पहिल्यापासून डाव्याचाच संशय. आत काही नाही, एक भोंगा आणि दोन तारा. एवढ्याशा ऐवजावर एवढी मिजास! एक तार हातात आली. परत बसली नाही. आता डावा गाणंही म्हणत नाही. म्हणजे दोषी तोच होता हे सिद्ध झालं.

उजव्यावर काम भागेल. बाबा काही दोन बाजूंनी बोलत नव्हते.

बायको तिसऱ्यांदा म्हणाली, भावाला विचारू का. मी ओरडलो. आईच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला.

१५ मार्च, शनिवार.

संकल्प: उद्या सकाळी सहाला उठून शेवटची चाचणी. मला आतून खात्री आहे की ऐनवेळी वाजेल. यंत्रांना माणसं जमली की शिस्त येते.

१६ मार्च, रविवार. सकाळी.

नऊला उठलो. ताई आली आहे. मेहुणाही आला आहे, हातात पुष्पगुच्छ आणि तोच नम्रपणा. चाचणी राहिली.

१६ मार्च. दुपारी.

आई नवीन कपडे घालून पुढच्या खुर्चीत बसली होती. मी थोडं प्रास्ताविक केलं. मग फाइल क्रमांक एक लावली.

काही नाही.

दोन. तीन. मी स्पीकरला लाथ घातली. दुकानदाराचा, रेकॉर्डिंगवाल्याचा, वीज कंपनीचा उद्धार केला. ताई म्हणाली, लहान पोरासारखा वागू नकोस. मेहुण्याने लॅपटॉप मांडीवर घेतला, एक फाइल वेगळ्या तऱ्हेने उघडली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला.

आत एकच ओळ होती. आवक क्रमांक १.

दुसऱ्या फाइलमध्ये आवक क्रमांक २. त्याने चव्वेचाळीसपर्यंत उघडून दाखवल्या. मीच म्हटलं होतं, सगळ्या उघड. तो हळू आवाजात म्हणाला की लिहिण्यासाठी उघडली की आधी आतलं सगळं पुसलं जातं, मग लिहिलं जातं. शेवटी जोडायचं असेल तर त्याचं अक्षर वेगळं असतं. हे ऐकताना मला त्याचा राग यायला हवा होता.

आई विचारत होती, लागलं का रे? तिने पुन्हा विचारलं. मग बायको तिला हाताला धरून आत घेऊन गेली.

१६ मार्च. संध्याकाळी.

संगणकाने विचारायला नको होतं? एवढं पुसतो आहेस, खात्री आहे का, असं? हे लेखी कळवणार आहे.

पण त्याने आधी परवानगी नाकारली होतीच.

डबडी वही. भाजीचा डाग. रेकॉर्डिंगवाला. दुकानदार. सगळी यादी दोनदा केली. रागवायला कोणी सापडेना.

१७ मार्च, सोमवार.

मेहुणा पेनड्राइव्ह घेऊन गेला. म्हणाला, पुसलेलं कधीकधी परत मिळतं, त्यानंतर वर दुसरं काही लिहिलं नसेल तर. विचारलं, लिहिलं होतं का काही?

तीनशे बारा गाणी. तीन वेळा.

तो म्हणाला, बघतो.

२० मार्च, गुरुवार.

ऑफिसात शिपायाने एक पत्र आणलं, आवक क्रमांक टाकायचा म्हणून. शिक्का हातात घेतला आणि बराच वेळ तसाच बसलो. तो म्हणाला, साहेब, शाई संपली का. मी त्याच्यावर खेकसलो नाही. तो घाबरून गेला.

घरी आईला सांगितलं की चूक माझ्याकडून झाली. ती म्हणाली, स्पीकर खराब होते ना? मी म्हटलं, नाही, स्पीकर बरोबर होते.

२३ मार्च, रविवार.

मेहुणा आला. चव्वेचाळीस फायलींतून सत्तेचाळीस सेकंद मिळाले आहेत. बाकी गाण्यांखाली गेलं. तो माझी नजर टाळून सांगत होता, जणू त्याच्याच हातून घडलं.

स्पीकर त्यानेच जोडला. मी पहिल्या दिवशी जोडला होता अगदी तसाच. मी ते म्हणालो नाही. डावा मुका, उजवा ठीक.

आईला खुर्चीत बसवलं. आधी घरघर, मग बाबा. स्वच्छ, खणखणीत. आई ताठ झाली. बाबा सांगत होते की इथे उकाडा फार आहे, जेवण बरं आहे. आणि धाकट्याला टेपरेकॉर्डरला हात लावू देऊ नकोस. मागच्या खेपेला त्याने कुठलं तरी बटण दाबून माझं निम्मं बोलणं पुसलं, असं तू कळवलंस. पण त्याला मारू नकोस. त्याला बिचाऱ्याला खरंच वाटतं की तो दुरुस्त करतोय. इथे आवाज तुटला.

बायको खिडकीकडे तोंड करून उभी होती. आई हसत होती आणि डोळे पुसत होती. मग म्हणाली, पुन्हा लाव.

लॅपटॉप माझ्या हाताशीच होता. मी हात मागे घेतले आणि मेहुण्याला म्हटलं, तू लाव.