पापण्यांवरची पट्टी

वहिनी,

हे पत्र तुमच्या हातात द्यायची माझी छाती होणार नाही, पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

आज तुमच्यासमोर डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले. नुसती पापण्यांची लोंबणारी कातडी कापायची, नाहीतर आतला सैल पडलेला स्नायूही आवळायचा. मग त्यांनी चिकटपट्टीने माझ्या पापण्या वर ओढून धरल्या आणि समोरचे बारीक दिवे दिसतात का विचारलं. वरचेसुद्धा सगळे दिसले. तुम्हाला वाटलं, मी आनंदाने रडलो.

वहिनी, ती पट्टी मला नवी नव्हती. चार वर्षं रोज गोदामात शिरण्याआधी दादाच मला तशी पट्टी लावायचा. "चल, दुकान उघडू," म्हणायचा. फोर्कलिफ्टने माल वर चढवणाऱ्याला वरचं दिसायलाच हवं ना! दादा गेला त्या दिवशी हे बघून सगळे हसले, म्हणून मी त्याचा हात झिडकारला आणि पट्टीशिवायच कामाला लागलो. तासाभराने मी माल वर उचलला, तेव्हा दादा वरच्या फळीवर खोकी मोजत उभा होता. मला तो दिसलाच नाही.

चौकशीत मी सांगितलं, दादा न विचारता वर चढला. तुम्हीही तेच मानलंत. "ह्यांना मेली घाईच फार," म्हणालात.

आज फॉर्मवर विचारलं होतं, त्रास कधीपासून आहे. दादाला जाऊन आठ महिने झाले. मी लिहिलं, सहा महिने. खाली जवळचे नातेवाईक म्हणून सही तुम्ही केलीत.

तुम्ही ज्याला भावोजी म्हणता,
तो