आपलं दार सोडून

नांदेड, १० मे १९८६

ती. सिद्धम्मा अक्कास शिवलिंगचा सा. न. वि. वि.

पुण्याहून इथवर रेल्वेनं आलो, आता पायी. आमच्या कॉलेजचे फादर सुट्टीत पोरांना यात्रेला धाडतात. त्यांच्या ख्रिस्ती संघाचे संस्थापक संत इग्नेशियस असेच रिकाम्या हातानं चालले होते म्हणे. पैसा बाळगायचा नाही, घराण्याचं नाव सांगायचं नाही, मागून खायचं आणि रोज संध्याकाळी मनात काय हललं ते पाहायचं. जोडीला वर्गातला भुजंग आहे. लातूरवरून औशापर्यंत जाऊ. खिशात फक्त पोस्टकार्डं. आप्पांना जपून सांग. उत्तर अहमदपूरच्या पोस्टात धाड.

उन्हानं काळा पडलो तरी लोभ तेवढाच ठेव.

तुझा शिवलिंग

लातूर, १३ मे

चि. शिवलिंगास अनेक आशीर्वाद.

जपूनच सांगितलं, तरी आप्पांचा चहा तसाच राहिला. आपण लिंगायत, कष्टावं, दुसऱ्याला जेवू घालावं. बसलिंगप्पाच्या पोरानं हात पसरला तर आडत बाजारात तोंड कसं दाखवू, म्हणाले. झोळी घेऊन या दारात येऊ नकोस, असा निरोप आहे. आईची काळजी वेगळीच, गळ्यातलं लिंग आहे ना? इकडे लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली. पाट्या नव्या, नळ कोरडे. पाणी जपून मागत जा.

भांडायला तू नाहीस म्हणून करमत नाही.

सिद्धम्मा

औसा, २२ मे

ती. अक्कास सा. न.

लिंग गळ्यात आहे, आईला सांग.

चाकूरजवळ साखराबाई नावाच्या म्हातारीनं अर्धी भाकरी आणि तांब्याभर पाणी पुढं केलं. घरात तेवढंच होतं. मी नको म्हणालो तर भडकलीच, मला काय भिकारीण समजलास व्हय म्हणून. गुमान बसून खाल्लं. आपल्या ओसरीवर आजवर कितीजणांना वाढलं, पण घेणं इतकं जड असतं हे ठाऊक नव्हतं. रडूच आलं, अक्का. भुजंग म्हणतो मिरची लागली.

मग लातूर. गल्लीच्या तोंडाशी आप्पांचा निरोप आठवला, तसा वळलो आणि आप्पांच्या बाजारातल्या माणिकप्पांच्या दारात मागितलं. त्यांनी ओळखलं, पण काही न विचारता पोटभर वाढलं. आप्पांची अब्रू राखली, एवढं समाधान. आठवडाभर इथल्या मठात आहोत.

माया आटू देऊ नकोस.

तुझा शिवलिंग

लातूर, २५ मे

चि. शिवलिंगास अनेक आशीर्वाद.

काय राखलीस अब्रू! माणिकप्पांनी भर बाजारात आप्पांना सांगितलं की तुमचा पोरगा आमच्यात जेवला, लई गुणी हाय. आप्पा घरी येऊन ताटावरून उठले. आम्हाला वाटलं, संतापले. तर म्हणाले, साऱ्या मुलखाच्या दारात मागितलं आणि बापाचंच दार तेवढं टाळलं. निरोप कोणी धाडला होता, हे विचारायची छाती आईचीही झाली नाही.

आज दुकानाला न जाता ओसरीवर बसून आहेत. कधी कोणापुढं हात न पसरलेल्या आप्पांनी मला बजावून लिहायला लावलंय, की परतताना झोळी घेऊन ये आणि आपल्या दारात माग. वाढायला ते स्वतः उठणार आहेत.

लोभ आहेच. तो घ्यायला तेवढा ये.

सिद्धम्मा