घरात कोणी पुरुष आहे का?

मियागाओ, इलोइलो
मंगळवार, १७ फेब्रुवारी

प्रिय मेना,

तुला, एदुआर्दोला आणि नातवंडांना अनेक आशीर्वाद. माझे गुडघे ठीक आहेत, दारची लिंबं रसाला आली आहेत. तुझं पत्र पोचलं. घर विकून कॅनडाला ये, तिकीट काढते, हे तू पुन्हा लिहिलंस. त्याचं उत्तर या पत्रात देणारच आहे. पण आधी थोरल्या बहिणीला विचारलेला तुझा तो ताज्या कलमातला प्रश्न: "मानांग, तुझ्या घरी रोज संध्याकाळी कोणी पुरुष येऊन बसतो म्हणे?"

म्हणे! सोलेदादनेच कळवलं असणार. आपल्या या मावसबहिणीच्या जिभेला देवाने हाड दिलं नाही, पण टोरांटोपर्यंत पोचायची लांबी मात्र दिली. आता खरं काय ते माझ्याकडून ऐक.

ख्रिसमसच्या आधी भर दुपारी दोन पोरं फाटकाशी उभी राहिली. पांढरे शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पाटी, कुठल्याशा परक्या पंथाचे मिशनरी. एक आपल्याच देशातला, दावाओचा, एल्डर बालाबा. दुसरा अमेरिकेतला, बटाट्याच्या शेतावर वाढलेला एल्डर टोलमन, उन्हाने उकडलेल्या कोळंबीसारखा लाल. एल्डर म्हणजे ज्येष्ठ! ओठावर मिशीची रेघ नाही आणि हे ज्येष्ठ. सत्तरीच्या बाईने यांना ज्येष्ठ म्हणायचं! मी चांगली सुनावणार होते, पण त्या लाल पोराची दया आली. म्हटलं, आत या, पाणी प्या.

तर तो टोलमन आपल्या इलोंगो भाषेत, जपून जपून, मला आजी करून विचारतो कसा, "लोला, घरात कोणी पुरुष आहे का?"

एकट्या विधवेला हा प्रश्न कोण विचारतं? चोर! मी जी किंचाळले, ती थेट शेजारच्या निकानोरला ऐकू गेली. तो आला धावत, एका हातात काठी, दुसऱ्या काखेत झुंजीचा कोंबडा. त्याला बघून दोन्ही चोरांचे चेहरे उजळले. "वा! आता आत येता येईल!"

त्यांचा नियमच आहे म्हणे. बाई घरात एकटी असेल तर आत पाऊल टाकायचं नाही, सोबतीला पुरुष हवा. "अरे, मी जन्मभर पोरींना भूमिती शिकवली," मी ओरडले. "मी काय तुम्हाला पळवून नेणार आहे?"

"या बाईंचा काही भरवसा नाही बरं," निकानोर म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

तेव्हापासून तो बसतो. नियम म्हणून. कळलं का सोलेदादला?

पोरं कॉफी पीत नाहीत, चहाही नाही. पहिल्या दिवशी त्यांच्यापुढे ठेवलेले दोन्ही कप निकानोरनेच संपवले, वर स्वतःचा तिसरा. मग मी त्यांच्यासाठी चॉकलेट घोटायला लागले. टोलमन त्याचं पुस्तक उघडतो, मी त्याला शाळेत सिस्टरांनी घोटून घेतलेला आपला धर्म ऐकवते. त्याला वाटतं मी बदलेन, मला वाटतं तो बदलेल. दोघंही मजेत आहोत.

गेला आठवडा त्या पोराचा फार वाईट गेला. उन्हातान्हात दारोदार फिरला, दारं तोंडावर आपटली. गुरुवारी नदीपलीकडच्या कुत्र्याने त्याची पँट फाडली, ती मीच शिवून दिली. सगळी भिस्त एका जीपवाल्यावर होती. तो म्हणाला होता, रविवारी बायकोमुलांसह तुमच्या प्रार्थनेला नक्की येतो. मी आपल्या चर्चमधल्या मिस्साहून परतत होते, तर टोलमन त्यांच्या चर्चच्या पायरीवर रस्त्याकडे डोळे लावून उभा. आतून गाणं सुरू झालं तरी उभाच. जीपवाला कोंबड्यांच्या झुंजीला गेला होता.

मला असा संताप आला! काल सकाळी बाजारात त्या जीपवाल्याला गाठलं. "पोराला शब्द दिलास आणि आला नाहीस?"

"पण मॅडम, आपण तर कॅथलिक!"

"म्हणून खोटं बोलायची मुभा मिळाली का? यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं!"

सोमवार त्यांचा सुट्टीचा. कपडे धुवायचे, घरी फोन करायचा. आपल्या घरात फोन चांगला लागतो, म्हणून टोलमन इथूनच आईशी बोलतो. काल तिला सांगत होता, "आठवडा मस्त गेला, मम्मी. इथे एक लोला आहे, ती रोज ओरडते आणि चॉकलेट देते."

फोन ठेवल्यावर मी त्याला धरलं. "कुत्रा कुठे गेला? जीपवाला कुठे गेला? आईशी खोटं?"

"खोटं कुठे बोललो, लोला? उरलेलं सांगितलं नाही एवढंच. ती लांब आहे. ऐकलं तर नुसती काळजी करत बसेल."

 मला तुझी आठवण झाली, का ते पुढे कळेल.

आणि मग त्याने सांगितलं की दोघांचीही बदली झाली. समुद्रापलीकडच्या बेटावर, लगेच. आज सकाळी निघाले. नियमाप्रमाणे बायकांना मिठी मारायची नाही. मग त्या ताडमाड पोराने वाकून माझा हात कपाळाला लावला, आपल्याकडच्या नातवासारखा. मला मूल नाही, नातू कुठून असणार? डोळ्यांत धूळ गेली. निकानोरच्या डोळ्यांतही गेली असावी. तो कोंबड्यावर खेकसत घरी गेला.

दुपारी त्यांच्या जागी दोघी मुली हजर! पाटीवर सिस्टर लिहिलंय, बुरखा नाही, झगा नाही, सिस्टर कसल्या! म्हटलं, थांबा, शेजाऱ्यांना हाक मारते. तर हसायला लागल्या. "नको, लोला. आम्हाला तुम्ही एकट्याच बऱ्या. पुरुष कशाला लागतोय आता?"

म्हणजे निकानोरची गरज संपली. मेना, मी त्या मुलींशी नीट बोलले, चॉकलेट दिलं, पण माझं लक्ष नव्हतं. त्या गेल्यावर दोन माणसांची कॉफी केली आणि स्वतःवरच चिडले.

ऊन उतरलं तेव्हा तो फाटकाशी आला. केस पाण्याने चापून बसवलेले, काखेत कोंबडा नाही. मुलींबद्दल त्याला कळलं होतं, या गावात काय लपतं? आत येईना. टोपी हातात फिरवत उभा.

"पर्पेतुआ, घरात कोणी पुरुष आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग पंचाईत आहे. बाई एकटी आहे."

"तुम्ही मिशनरी आहात का? या आत. कॉफी निवतेय."

आला. समोरच बसलाय. विचारतोय, बहिणीला माझ्याबद्दल काय लिहिलंस? काही नाही म्हटलं. इतके दिवस खरंच लिहिलं नव्हतं. गुडघे लिहिले, लिंबं लिहिली. खोटं नव्हतं, उरलेलं सांगितलं नव्हतं एवढंच.

तिकीट काढू नकोस. घराला गिऱ्हाईकही बघू नकोस. सप्टेंबरात गावच्या जत्रेला तूच ये. मागची खोली झाडून ठेवते. सोलेदादला कळवायची तसदी घेऊ नकोस, ती आत्ताच फाटकावरून दुसऱ्यांदा गेली, आणि यावेळी मीच तिला हात केला.

आपल्याच घरात, मजेत असलेली
तुझी मानांग
पर्पेतुआ