पडवीतली मुदत

टोकावडे,
१२ ऑगस्ट २००३

प्रिय ठकी,

प्रभूत सलाम. तुझी नात रोशनी हे तुला वाचून दाखवेल. रोशनी, बाळा, मध्ये थांबू नकोस आणि माझी लाज राखायला एखादी ओळ गाळूही नकोस.

तू तानसाला लेकीकडे गेलीस त्याला नऊ वर्षं होत आली. इकडे मंडळीचं बरं चाललंय. प्रार्थनाघरावर कौलांच्या जागी पत्रे आले, नवी पेटी आली, धोंडीबाई मात्र अजून सुरात नाही. पाळक मीच आहे आणि अजून तासभर बोलतो. कुसळ-मुसळाच्या वचनावर वर्षातून एकदा बोलतोच, आणि दर वेळी मला समोरच्यांचीच मुसळं दिसतात.

त्या वर्षी तुझ्या कान्हाचा ताप उतरेना म्हणून तू त्याला डोंगरावरच्या बुधू भगताकडे नेलंस. मंडळीतल्या माणसानं भगताची पायरी चढायची नाही, हा आपला नियम. पण सहा महिने प्रभुभोजन नाही आणि उपासनेला बाहेर पडवीत बसायचं, ही शिक्षा कुठल्या पुस्तकात नव्हती. ती माझ्या डोक्यातून आली. आठ दिवसांनी कान्हा गेला. त्याच्यासाठीची प्रार्थना मी आत केली आणि तू, त्याची आई असून, ती चपलांपाशी बसून ऐकलीस. तुला आत बोलवावं असं मनात आलं होतं. पण नियम मोडला तर उद्या माझं कोण ऐकणार, या भीतीनं मी डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं, पास्टर प्रार्थनेत आहेत. मुदत संपली त्या रविवारी मी सतरंजीवर तुझी जागा राखून ठेवली होती. तू आली नाहीस.

पडवीत बसून तू सगळ्यांच्या चपला जोडीनं लावायचीस, निघताना पाय सरळ आत जावा म्हणून. ठकी, तू गेल्यावरही त्या तशाच लागलेल्या मिळतात. आधी मी बायकांवर संशय घेतला. मग एका रविवारी दार उघडं ठेवून, माणसं मोजून प्रवचन केलं. कोणी उठलं नाही, बाहेर कोणी फिरकलं नाही. उपासना संपली तेव्हा सगळ्या चपला रांगेत होत्या. माझा एकच जोड काढला तसाच, आडवातिडवा. नऊ वर्षं हे असंच चाललंय. यावर कोणी बोलत नाही, आणि मलाही बोलायची भीती वाटते.

गेल्या महिन्यात माझ्या नातीला, हर्षालीला, झटके येऊ लागले. चार वर्षांचं लेकरू. मुरबाडच्या डॉक्टरांचं औषध झालं, उपास झाले, प्रार्थना झाल्या. तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी तिला खांद्यावर टाकलं आणि बुधूच्या दारात जाऊन उभा राहिलो. होय, मीच. बुधूला आता दिसत नाही. मी तोंडही उघडलं नव्हतं, तर तो म्हणाला, “या पास्टर. ठकी सांगून गेलीय. म्हनली, तो येल पोरीला घेऊन, त्याला काय इचारू नको, आदी पानी दे.”

कधी सांगितलं, म्हणून मी विचारलं. तिनं कान्हाला आणलं त्याच दिवशी, म्हणाला. तेव्हा हर्षाली जन्मलीही नव्हती. तिच्या आईचं लग्न झालं नव्हतं. आणि मी तुला शिक्षाही दिली नव्हती. त्यानं दिलेलं पाणी मी प्यायलो. बुधूनं दोरा बांधला नाही की अंगारा लावला नाही, फक्त ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. पोर आता घरी आहे, डाव्या हातात जोर थोडा कमी आहे.

मला तिथं कोणी पाहिलं नाही. गप्प बसलो तर खपून जाईल. पण तू माझ्यावर आधीच दया करून ठेवली होतीस आणि मी त्यानंतर तुला बाहेर बसवलं, हे काही केल्या गिळवत नाही. काल प्रार्थनाघराच्या वडीलमंडळींना सगळं सांगितलं. म्हातारपणी माणूस घाबरतो, सोडून द्या, असं ते म्हणाले. मी सोडणार नाही. या रविवारपासून मी पडवीत बसणार आहे. तू आत येशील का, हे विचारायचा अधिकार मी घालवून बसलोय. एकच मागण्यासाठी हे पत्र लिहिलं. तुझी मुदत मी ठरवली होती. माझी तू ठरव.

तुझाच भाऊ,
भगीरथ